अंगवळणी पडलेला शब्द

रामकृष्णहरी!

वारकरी वारकऱ्याला भेटला की पहिला शब्द हाच निघतो. तो कोणी विचार करून काढत नाही. पाय उंबऱ्याला लागावा तसा तो आपसूक ओठाला लागतो. मग असा न विचारता निघालेला शब्द देवाला पोहोचतो का? आणि देवाचे राहो, तो समोरच्या माणसाला तरी पोहोचतो का? हा प्रश्न आम्हाला एका तरुणाने विचारला. त्या वेळी आम्ही त्याला दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

मुळशी तालुक्यात हिंजवडीला लागून माण नावाचे गाव आहे. जुन्या वारकऱ्यांना ते भातखाचरांचे गाव म्हणून आठवत असेल. आज तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगनगरीचा तिसरा टप्पा उभा आहे, काचेच्या इमारती आहेत, आणि शिवाजीनगरला जाणारा तेवीस किलोमीटरांचा मेट्रोमार्ग याच गावापासून आखला गेला. तरी गावात टाळ-मृदंग आहे, काकडा आहे, आणि ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या मुक्कामी जाऊन मिळणारी माणसेही आहेत.

त्यांपैकीच एक वृद्ध वीणेकरी. त्यांचे नाव येथे सांगत नाही. गावात सारे त्यांना बुवाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी पहाटे उठताना बुवांचे उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. जीव वाचला. महिन्या-दोन महिन्यांनी ते घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, 'रामकृष्णहरी'. पाणी म्हणता येईना, मुलाचे नाव येईना, होय-नाही येईना. पण 'रामकृष्णहरी' अगदी स्पष्ट. आणि संध्याकाळी कोणी शेजारी बसून हरिपाठ सुरू केला की एक-दोन चरणांनंतर बुवाही म्हणू लागत. शब्द सारे जागच्या जागी. हरिपाठ संपला की पुन्हा मुके.

ही वार्ता पंचक्रोशीत पसरली. माणसे दर्शनाला येऊ लागली. बुवा खाटेवरून 'रामकृष्णहरी' म्हणत, आणि आलेले लोक डोळे पुसून पाया पडत. आम्हीही गेलो, आम्हीही पाया पडलो, आणि मनात म्हणालो, याला म्हणतात निष्ठा. सगळे गेले, नाम राहिले.

निघताना बुवांचा नातू आम्हाला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आला. तो तेथल्याच एका कंपनीत नोकरीला आहे. म्हणाला, "महाराज, रागावू नका. आजोबांनी सत्तर वर्षं जो शब्द रोज शंभरदा म्हटला तोच राहिला, एवढंच ना? ही सवय आहे. भक्ती कशाला म्हणायची? मी रोज चाळीस पत्रांच्या शेवटी 'सस्नेह नमस्कार' छापतो. त्यातला स्नेह किती, ते मला ठाऊक आहे."

आम्ही म्हणालो, "बाळा, नामाचे तसे नसते." त्याने नमस्कार केला आणि तो गेला. 'तसे नसते' म्हणजे कसे असते, हे आम्हाला सांगता आले नव्हते.

घरी येऊन आम्ही विचार करू लागलो, तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, सवयीचे बोलणे हे वारकऱ्यांचे किंवा कचेरीचेच नव्हे, ते साऱ्या मनुष्यजातीचे आहे. आपण समजतो की आपण एकेक शब्द वेचून वाक्य गुंफतो. तसे फार थोडे होते. 'काय, कसं काय?' 'चाललंय आपलं.' 'या, बसा.' 'पाणी घेणार का?' 'बरं, येतो.' दिवसभराचे बोलणे आठवून पाहावे. त्यातले किती आपण स्वतः घडवले आणि किती आईच्या मांडीवर आयते मिळाले? इंग्रजी भाषेपुरती अशी मोजणी दोन अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केली. लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुरात निम्म्याहून अधिक भाग असल्या आयत्या जोडण्यांचा निघाला. आपल्या मराठीत याहून कमी असेल असे आम्हाला वाटत नाही.

या जोडण्या आपण फोडून समजत नाही, अख्ख्याच समजतो. एक डोळा घ्या. डोळा लागला म्हणजे झोप लागली. वाटेकडे डोळे लागले म्हणजे झोप उडाली. डोळे आले म्हणजे दुखणे आले. डोळे उघडले म्हणजे शहाणपण आले. डोळे मिटले म्हणजे मनुष्य गेला. शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा आहे म्हटले की पोरालाही कळते की येथे बघण्याचे काम नाही, गिळण्याचे आहे. हे पोराला कोणी व्याकरणातून शिकवले नाही. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांवर पाश्चात्त्य अभ्यासकांनी पाहिले आहे की, मातृभाषेतील असा वाक्प्रचार वाचताना नजर साध्या नव्या वाक्यापेक्षा झरझर पुढे जाते. तीच भाषा मागाहून शिकलेल्याची नजर मात्र तेथे तशी झरझर जात नाही. जन्मापासूनच्या भाषेत पायवाट पडलेली असते. परक्याला रान तुडवत जावे लागते.

बुवांच्याच घरी याचे एक उदाहरण पाहिले. माणमध्ये आता घरोघर भाडेकरू आहेत. बुवांच्या मागच्या खोलीत विजापूरकडचा एक मुलगा राहतो. मराठी तो ओढूनताणून बोलतो. पहिल्या दिवशी कामाला निघताना तो बुवांच्या मंडळींना म्हणाला, "आजी, जातो." म्हाताऱ्या बाई चुलीपुढून उठून दारात आल्या. "जातो म्हणू नये लेकरा, येतो म्हणावं." मुलगा चकित झाला. मग हसून म्हणाला, "आजी, आमच्याकडे पण तसंच. होगि बर्तीनि म्हणतात. जाऊन येतो." त्याचे मराठी व्याकरण चुकले नव्हते. चुकला होता तो शब्दामागचा जीव, आणि तो त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला पक्का ठाऊक होता.

आता 'येतो' म्हणणारा प्रत्येक जण मनात 'मी सुखरूप परत येईन' असा संकल्प सोडतो काय? मुळीच नाही. बांगडी फुटली असता 'वाढली' म्हणणारी, मंगळसूत्र तुटले असता तेही 'वाढले' म्हणणारी माउली प्रत्येक वेळी अशुभाचा विचार करते काय? नाही. पण तिच्या आधीच्या शंभर आयांनी तो केलेला आहे. काळजी त्यांनी वाहिली आणि शब्द तिच्या हाती दिला. आयता शब्द म्हणजे पूर्वजांनी भरून ठेवलेला रांजण होय. आपण नुसते तांब्या बुडवतो.

माणसे पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलत नाहीत, एकमेकांशी जोडलेले राहण्यासाठी बोलतात, ही गोष्ट मालिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातील बेटांवर राहून पाहिली आणि १९२३ साली लिहून ठेवली. 'जेवलास का?' हा प्रश्न जेवणाची चौकशी थोडाच असतो? 'तू आमचा आहेस' एवढेच त्यातून म्हणायचे असते.

आयत्या शब्दाचा आणखी एक उपकार आहे. तो मनाला मोकळे करतो. कीर्तनात पाहा. बुवा निरूपण करता करता एका ठिकाणी येऊन थांबतात आणि हात वर करतात. मागचे टाळकरी 'विठ्ठल विठ्ठल' उचलून धरतात. त्या गजरात श्रोते डोलतात, आणि कीर्तनकाराला पुढचा दृष्टांत सुचायला उसंत मिळते. गजर नसता तर धागा तुटला असता. युगोस्लाव्हियात १९३३ ते १९३५ या काळात मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडिताने निरक्षर गायकांची हजारो ओळींची वीरगीते ऐकली. तेथेही त्याला हेच आढळले. ठरलेल्या शब्दजोडण्या हाताशी असतात म्हणून गायक थांबत नाही आणि गाता गाता कथा रचतो. सवय ही प्रतिभेची शत्रू नव्हे, दासी आहे.

येथवर नातवाच्या शंकेचे अर्धे उत्तर झाले. पण उरलेले अर्धे त्याच्या बाजूचे आहे, आणि ते लपवणे आम्हाला शोभणार नाही.

आयता शब्द जसा मनाला मोकळे करतो तसा तो मनाला पळायलाही वाट देतो. वारीत आपण एकमेकांना 'माउली' म्हणतो. लहान मोठ्याच्या पाया पडतो, मोठा लहानाच्या. याहून थोर शब्द आम्हाला ठाऊक नाही. पण पाण्याच्या टँकरपाशी हाच शब्द ऐकावा. "सरका माउली, सरका!" आणि कोपराचा धक्का. म्हातारी मागे ढकलली जाते, आणि ढकलणाऱ्याच्या जिभेवर 'माउली' असते. दारात कोणी गरजू उभा राहिला की "पांडुरंगाची इच्छा" म्हणून आपण आत वळतो. कोणाचा तरुण मुलगा गेला तर "देवाला आवडला" म्हणतो आणि चपला शोधू लागतो. शब्द शंभर नंबरी सोन्याचा, पण त्याचे आपण दाराला लावायचे कुलूप केलेले असते. समोरच्याचे दुःख आत येऊ नये म्हणून.

तेव्हा शब्द सवयीचा की ताजा, यावर काही ठरत नाही. ताजे, स्वतः रचलेले शब्दही खोटे असू शकतात. व्याख्यानात असतात, निवडणुकीत असतात. खरा प्रश्न असा की, शब्द ओठांवर असताना आपला कान कोठे होता?

हे आम्हाला सुचले नाही, बुवांच्या सुनेने दाखवले. ते कसे, ते सांगतो.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा माणला गेलो. ओटीवर आठ-दहा मंडळी बसली होती. बुवा म्हणाले, "रामकृष्णहरी." मंडळींनी हात जोडले. बुवा पुन्हा म्हणाले, किंचित वर चढवून, "रामकृष्णहरी!" कोणी तरी म्हणाले, "काय भाव आहे!" तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाजात एक चीर होती. आम्हाला ती तेव्हा ऐकू आली नाही. आतून सूनबाई आली, हातात वाटी-चमचा. "मामांना तहान लागली," ती म्हणाली आणि मान उचलून धरून घोट घोट पाणी पाजू लागली. बुवांच्या डोळ्यांत पाणी आले. ते भक्तीचे होते असे आम्ही आता म्हणणार नाही.

आम्ही तिला विचारले, "बाई, तुम्हाला कसे कळले?"

ती म्हणाली, "पाण्याचं रामकृष्णहरी शेवटाला वर जातं. कूस बदलायची असली की आधी दम घेत्यात. पोरगा घरी आला की लगोलग दोनदा म्हणत्यात. आणि देवाचं म्हणत्यात तवा डोळे मिटत्यात. येवढं तर कळतंच की."

आम्ही मान खाली घातली. दहा माणसे नामाचा महिमा गात बसली होती आणि एक माणूस तहानेने हाका मारत होता. हाक आम्हाला ऐकू आली नाही, कारण ती ओळखीच्या शब्दात होती.

हा चमत्कार नव्हे, हे आम्ही नंतर जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने अशा एका रुग्णाची हकीकत मांडली. त्याच्या तोंडी 'तान' एवढाच उच्चार उरला होता. मृत्यूनंतर पाहता त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला निघाला. बहुतेक माणसांत वाक्य जुळवण्याचे काम प्रामुख्याने डावा मेंदू करतो. शरीराचे उजवे अंगही तोच चालवतो. म्हणून उजवे अंग आणि वाचा पुष्कळदा बरोबरच जातात. पण अंक मोजणे, शिव्या, नमस्काराचे शब्द, पाठ केलेल्या प्रार्थना, गाणी, यांना मेंदूत दुसराही आधार असतो. उजवी बाजू आणि तळाशी खोल असलेल्या, सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या गाठी, यांचा त्यात वाटा असावा असे अभ्यासक मानतात. त्याही आधी, १७४५ साली, स्वीडनच्या ओलोफ दालिन याने एका शेतकऱ्याच्या मुलाची हकीकत लिहिली आहे. आजारानंतर त्याला 'होय' याखेरीज शब्द बोलता येत नसे. पण कोणी सुरुवातीला थोडी साथ दिली की पूर्वी पाठ असलेली स्तोत्रे तो गाऊ शके आणि काही प्रार्थनाही म्हणू शके. वाचताना आमच्या अंगावर काटा आला. आमचे बुवाच ते! अमेरिकेत १९७३ पासून तर असल्या रुग्णांना सुरावर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धतीच रुजली आहे.

म्हणजे नातवाचे म्हणणे खरे होते. बुवांची ती सवयच. मग आमचे 'तसे नसते' खोटे का? नाही. येथे भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा आठवावी. मरतेवेळी यमदूत पाहून तो भ्याला आणि त्याने धाकट्या लाडक्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण. रोज घरात, जेवताना, खेळवताना मारलेली ती हाक. त्याच्या मनात देव नव्हता. तरी विष्णुदूत धावले. आपण ही कथा नामाचा प्रताप म्हणून सांगतो, आणि तो अर्थ आहेच. पण माणच्या त्या ओटीवर बसल्यापासून आम्हाला तिच्यात दुसरेही दिसते. अजामिळाची हाक पोकळ नव्हती. ती देवाला नव्हती, पण हाक खरी होती. देवाने मुलाला मारलेल्या हाकेत आपले नाव ऐकले. ऐकणाऱ्याचे हे थोरपण आहे. मग आपल्याला त्या देवाचे म्हणवून घ्यायचे असेल तर आपण याच्या उलट बाजूने तेच करावे. देवाच्या नावात माणसाची तहान ऐकावी.

नातू पुढे भेटला तेव्हा त्याला आम्ही एवढेच सांगितले, "तू म्हणालास ते बरोबर होते. ती सवयच. पण सवय म्हणजे काही नाही असे नव्हे. तुझ्या आजोबांचे सारे घर जळाले, तेव्हा जी एक वस्तू त्यांनी रोज हाताळली होती तीच त्यांच्या हाती राहिली, आणि तीच एक वस्तू ते आज सगळ्या कामाला वापरतात. पाणी मागायला, कूस मागायला, तुला बोलवायला. आता ती ऐकायचे काम तुझे." तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी आलो की दोनदा म्हणतात, हे आईनं मला सांगितलंच नव्हतं."

तात्पर्य दोन. पहिले असे की, धडधाकट दिवसांत जिभेला काय वळण लावायचे ते आपल्या हाती आहे. जन्मभर शिवी घोळवली तर अखेरीस शिवी उरेल. लेकरांकडून संध्याकाळी हरिपाठ म्हणवून घ्यावा. अर्थ आज कळला नाही तरी हरकत नाही. रांजण भरलेला असावा, तांब्या कधी बुडवावा लागेल सांगता येत नाही. दुसरे असे की, नाम घेणारी जीभ ही अर्धी साधना आहे. उरलेली अर्धी कानाची. 'चाललंय आपलं' म्हणणाऱ्याचे खरोखर चालले आहे की थांबले आहे, हे त्याच्या सुरावरून कळते. मात्र ऐकणाऱ्याला घाई नसावी लागते.

आणि एक व्यवहाराची सूचना. कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे. रक्ताच्या गुठळीने झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. वाचा गेलेल्या माणसाला काही समजत नाही असे धरून त्याच्यासमोर बोलू नये. पुष्कळांना पुष्कळ समजत असते. वाचा सुधारणारे तज्ज्ञ असतात, त्यांना दाखवावे. पाणी, जेवण, दुखणे यांची चित्रे काढून खाटेशी ठेवावीत. बुवांच्या नातवाने आता तशी एक पाटी केली आहे. बुवा डाव्या हाताने तांब्याच्या चित्रावर बोट ठेवतात, आणि तरीही वर एकदा म्हणतात ते म्हणतातच.

पुढच्या ज्येष्ठात पालखी आकुर्डीला येईल. वाटेत शेकडो जण आपल्याला 'माउली' म्हणतील आणि आपणही म्हणू. प्रत्येक वेळी अंतःकरण भरून येईल असा दावा आम्ही करत नाही. तसे झाले तर मैलभरही चालणे व्हायचे नाही. पण टँकरपाशी तो शब्द ओठावर आला की मागे वळून पाहावे. तेथे एखादी म्हातारी उभी असेल. तिला आधी पाणी घेऊ द्यावे, म्हणजे त्या वेळेपुरता तरी तो शब्द खरा होईल.

रामकृष्णहरी.